बुधवारची अर्धी प्रार्थना

आमच्या घरात बोलायची भाषा एक होती आणि प्रार्थनेची दुसरी. दिवसभर माय खानदेशीत बोलायची, रागवायची, नळावर शेजारणींशी भांडायची. संध्याकाळी डोक्यावर पदर घेऊन तिने डोळे मिटले की तिच्या तोंडून पुस्तकी मराठी शब्द निघायचे, आणि ते तिला नव्या चपलेसारखे चावायचे. दोन वाक्यांनंतर ती अडखळायची आणि मग घाईघाईने आपल्याच बोलीत म्हणायची, “देवा, तुले बठ्ठं माहीत शे. आमेन.” देवाला सगळे माहीत आहे, एवढे घरात चालून जाई. चर्चच्या मंडळीत चालत नसे. तिथे ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणणारा माणूस मागच्या चटईवर बसे आणि मनातल्या मनात प्रार्थना करी. मला ती दुसरी भाषा फार लवकर आली. बाराव्या-तेराव्या वर्षीच मी उभा राहून न अडखळता पाच मिनिटे प्रार्थना करू शकत होतो. पाळकसाहेब म्हणायचे, दानीएलच्या जिभेवर देवाने हात ठेवला आहे. मायला त्याचा इतका अभिमान वाटे की ती माझी ताटली आधी वाढत असे. हे सगळे मुद्दाम सांगतो आहे. पुढे जे घडले ते माझ्या कुठल्या वाईट गुणातून घडले नाही. ज्याचे कौतुक होत होते त्याच गुणातून ते घडले.

आम्ही जळगावला चर्चच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहायचो. वर पत्रे होते. होळीनंतर दुपारी घरात बसवत नसे, तेव्हा माय जमिनीवर पाणी शिंपडून ओल्या फरशीवर पडून राहायची. समोर एका मारवाडी शेठची डाळमिल होती. सकाळपासून तिची धडधड चाले, भिंतीवरची पितळी भांडी तिच्याबरोबर हलत, आणि आमच्या खाण्यात, कपड्यांत, उशीच्या अभ्र्यात तुरीचा पिवळा भुसा असे. संध्याकाळी मिल बंद झाली की कानांत एकदम पोकळी होई. त्या पोकळीत माय प्रार्थना सुरू करी. आज तिथे चार मजली इमारत आहे आणि खाली मोबाईलचे दुकान. संध्याकाळी मी खिडकीत बसतो तेव्हा मला अजून त्या पोकळीची वाट बघायची सवय आहे. ती येत नाही. रस्ता वाहतच राहतो.

वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. ते दारूपायी गेले, मी सहावीत असताना. त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, पण मायच्या नाकाला तो वास कायमचा कळू लागला होता. कोणी पाहुणा आला तरी ती पाणी देताना जरा वाकून श्वास घेई. वडील गेल्यावर ती नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली आणि माझा थोरला भाऊ शमुवेल रावेरला केळीच्या गाड्या भरायच्या कामाला गेला. घरी त्याला सगळे शामू म्हणत, मी भाऊ म्हणायचो. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, अंगाने रुंद, आणि बोलायला लागला की कुठल्या शब्दापासून सुरुवात करावी हे न कळणारा. दर शनिवारी तो सावदा-फैजपूर करत एसटीने घरी यायचा, खांद्यावर केळीची एक फणी असायची, कपड्यांना केळीच्या चिकाचे काळे डाग. शनिवारी माय वरण-बट्टी करायची, घोटलेली वांग्याची भाजी करायची. आठवडाभर मी कळण्याची भाकरी आणि ठेचा खायचो त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, पण शनिवारी मायचा आवाज बदलतो हे मला दिसायचे. शास्त्रातल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात धाकटा परत आला म्हणून बाप मेजवानी करतो आणि घरी राहिलेला थोरला मुलगा रुसतो. आमच्या घरात धाकटा रुसला होता, आणि त्याचे त्यालाही माहीत नव्हते.

भाऊसुद्धा प्यायला लागला होता. गाड्या भरणाऱ्यांत तसे न करणारा माणूस शोधावा लागे. एका नाताळाला तो चर्चच्या फाटकाशी सगळ्यांदेखत पडला आणि मायने त्याला एकटीने उचलून आणले. त्या दिवशी त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून सोडली म्हणून सांगितले. मंडळीत कोणी विश्वास ठेवला नाही, मायने अर्धा ठेवला. पण त्याने खरेच सोडली. कसे, ते फक्त मला ठाऊक होते, कारण त्याने ते मलाच सांगितले होते. गाडीवर ताडपत्री बांधून झाली की संध्याकाळचा जो तास उरतो तो सगळ्यात अवघड असतो, असे तो म्हणायचा. त्या तासाला तो एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसे आणि शर्टांना बटणे लावी. एवढे मोठे हात, घड उचलून कातडी निबर झालेली, आणि त्यात सुई. शिंपी त्याला हसायचा, म्हणायचा, पहिलवान, आज किती बोटं शिवलीस? भाऊ रोज जायचा.

त्याच्या सोयरिकीचे बोलणे त्याच सुमारास निघाले. धुळ्याच्या एका शाळामास्तरांची मुलगी, सुशीला नाव. भाऊ तिला एकदाच भेटला होता, तिच्या घरच्या ओसरीवर, सगळ्यांसमोर. तिने विचारले, तुम्हाला काय आवडतं? तर हा म्हणाला, बटणं लावायला. ती खूप हसली आणि मग आत जाऊन तिने होकार सांगितला. माय ही गोष्ट नळावर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत असे. फक्त मुलीचे मामा, जे धुळ्याच्या मंडळीत पंच होते, ते म्हणाले की मुलाच्या बापाबद्दल ऐकले आहे, तेव्हा आपण थोडे थांबू, बघू.

अशातला एक शनिवार. जेवण व्हायचे होते. अंगणातल्या धुण्याच्या दगडावर आम्ही दोघे बसलो होतो, मिल नुकतीच थांबली होती. भाऊ म्हणाला, या आठवड्यात मी जवळजवळ गेलो होतो. मुकादमाला मुलगा झाला म्हणून सगळ्यांना पाजणे चालले होते. कोणीतरी त्याच्या हातात ग्लास दिला. त्याने घेतला, नाकाजवळ नेला. वडिलांच्या शर्टाचा वास आला. तो तसाच उभा राहिला, किती वेळ ते त्याला सांगता आले नाही. मग त्याने ग्लास ट्रकच्या पायरीवर ठेवला आणि शिंप्याकडे चालत गेला. “हात असे हलत होते,” त्याने मला हात करून दाखवले, “बटणाच्या भोकात सुई जाईना. म्हातारा म्हणे, आज राहू दे, नुसता बस.”

मी कॉलेजात जाणारा, संडेस्कूलात शिकवणारा. मी त्याला मोहावर दोन वाक्ये ऐकवली. तो ऐकून घेऊन म्हणाला, “ते बरोबर शे. पण तो काय शिंगं लावून येत नाही रे दान्या. घरातलंच कोणी आपल्याले आवाज देऊन राहिलं, असं वाटतं. म्हणून तर आपण ‘ओ’ देतो.” मग म्हणाला, “माह्यासाठी प्रार्थना करत जा. तुले येते तशी मले येत नाही. पण कोणाले सांगू नको. मायले बी नाही. तिचा आत्ता कुठे भरवसा बसून राहिला.”

मी हो म्हटले. आणि तीन-चार दिवस खरेच केली, एकट्याने, मनापासून. माझ्या आयुष्यातल्या मोजक्या खऱ्या प्रार्थनांत त्या तीन-चार दिवसांच्या धरतो.

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या मंडळीची प्रार्थनासभा कोणाच्या तरी घरी पाळीपाळीने भरे. आधी दोन गीते, मग पाळकसाहेब विचारत, कोणाचे प्रार्थनेचे विषय आहेत? कोणाची परीक्षा असे, कोणाचा ताप, कोणाची बदली. एकेकजण विषय सांगे आणि मग त्यासाठी मोठ्याने प्रार्थना होई. मी आता इतकी वर्षे हे पाहतो आहे, म्हणून सांगतो: जी गोष्ट नळावर बोलली तर चहाडी ठरते, तीच त्या चटईवर डोळे मिटून बोलली तर काळजी ठरते. आम्हा लोकांची ही खास चूक आहे. बाहेरचा माणूस ती करूच शकणार नाही, कारण त्याच्याकडे ती जागाच नाही. ऐकणाऱ्यांचेही डोळे मिटलेले असतात, त्यामुळे सांगणाऱ्याचा चेहरा कोणी पाहत नाही.

त्या बुधवारी भुसावळहून रेल्वेत लागलेला एक तरुण आला होता. त्याने आपल्या आजारी बायकोसाठी प्रार्थना केली. साधीच होती, मराठीही कच्ची होती, पण बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आमच्या पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, दानीएल, तू कर. मी उभा राहिलो. नेहमीची सुरुवात केली आणि लगेच मला कळले की आज ही सुरुवात कोरडी पडते आहे. कोणी ‘होय प्रभू’ म्हणेना. कोणीतरी खोकले. माय पुढच्या चटईवर होती. भिंतीशी खुर्चीवर सुशीलेचे मामा होते. ते त्या दिवशी काही कामाने जळगावला आले होते आणि सभेला थांबले होते. मी त्यांना पाहिले होते. ते आहेत हे मला ठाऊक नव्हते, असे मी पुढे पाळकसाहेबांना सांगितले. ते खरे नाही.

तेव्हा माझ्या आत कोणीतरी म्हणाले, भाऊसाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली तर किती चांगले होईल. अगदी माझाच आवाज होता, माझ्या चांगल्या वेळचा. आणि त्याच क्षणी मला हेही कळले की हे मी भाऊसाठी करणार नाही. दोन्ही एकदम कळले. लोक म्हणतात की मोह ओळखता येत नाही म्हणून माणूस फसतो. मी ओळखला होता. एवढेच झाले की ओळखणे आणि बोलणे यांच्यामध्ये जो श्वास असतो, तो मी घेतला नाही.

मी म्हणालो, हे पित्या, माझा थोरला भाऊ. त्या तीन शब्दांनी खोली शांत झाली. मी ताडपत्री सांगितली, संध्याकाळ सांगितली, मुकादमाचा मुलगा सांगितला. त्याच्या हातात ग्लास दिला गेला, म्हणालो. तो त्याने घेतला, नाकाजवळ नेला आणि त्याला आमच्या वडिलांची आठवण आली, म्हणालो. इथे मला रडू आले. ते रडे खोटे नव्हते. बायका मोठ्याने म्हणू लागल्या, प्रभू दया कर, प्रभू दया कर. रेल्वेवाला तरुणसुद्धा म्हणू लागला. मला वाटले, आता याच्यापुढे एक शब्दही नको. मी ‘आमेन’ म्हणून खाली बसलो.

ग्लास पायरीवर ठेवल्याचे माझ्या तोंडातच राहिले.

डोळे उघडले तेव्हा माय माझ्याकडे पाहत नव्हती. ती चटईच्या काड्या नखाने एकेक सुट्या करत होती. मामा चहा न घेता निघाले. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, स्वतःच्या घरचे दुःख असे समोर ठेवायला धैर्य लागते. त्या वेळी मी म्हणायला हवे होते की साहेब, गोष्ट पुरी झालेली नाही. चार शब्द होते. मी मान खाली घातली. ते त्यांना विनयाचे वाटले असणार.

शुक्रवारी धुळ्याहून पाळकसाहेबांना चिठ्ठी आली. सोयरीक मोडली. शनिवारी भाऊ आला तेव्हा चुलीवर बट्टी नव्हती. मायने त्याच्यापुढे पाणी ठेवले आणि वाकून श्वास घेतला. वर्षभरात तिने तसे केले नव्हते. भाऊने फणी खाली ठेवली आणि विचारले, काय झालं? तिने सांगितले, सगळे, मी म्हटले त्याच क्रमाने. तो तिचे ऐकत होता आणि हळूहळू माझ्याकडे वळत होता.

“मी पेलो नाही माय,” तो म्हणाला. “हातात घेतला होता. ठेवून देला. याले इचार.”

माय माझ्याकडे पाहू लागली. तिचे डोळे मला आजही, हे लिहिताना, कागदावर दिसतात. तिला ‘हो’ ऐकायचे होते. मी नुसते ‘हो’ म्हटले असते तर तिने त्याच क्षणी पीठ मळायला घेतले असते.

मी म्हणालो, “मी फक्त प्रार्थना केली.”

माय म्हणाली, “प्रार्थनेत कोणी खोटं बोलतं का शामू?” आणि आत गेली.

भाऊ ओरडला नाही. माझ्यावर हात उचलला असता तर मला बरे वाटले असते. त्याने एवढेच विचारले, “दान्या, शेवट का नाही सांगितला?” मी म्हणालो, रडू आलं. त्याने मान हलवली, जणू त्याला ते पटले. तो सोमवारऐवजी रविवारीच पहाटे गेला, उपासनेच्या आधी. नंतरच्या शनिवारी आला नाही. रावेरला जाऊन चौकशी केली तेव्हा कळले की तो एका ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आहे, कुठल्या ते कोणाला नक्की माहीत नाही.

त्यानंतरचे घर कसे होते ते दोन ओळींत सांगतो, कारण जास्त सांगण्यासारखे काही नव्हते. माय आणि मी. दोन ताटल्या. शनिवारी तिचा आवाज बदलायचा थांबला. आणि आता रोज सकाळी पीठ मळायच्या आधी ती मोठ्याने, आपल्याच बोलीत प्रार्थना करू लागली. पुस्तकी शब्द तिने सोडूनच दिले. “देवा, माह्या शामूची दारू सोडव.” एवढीच. मी आंघोळीचे पाणी काढत असे आणि रोज ते ऐकत असे. मी मास्तर झालो, मंडळीचा पंच झालो, लग्न झाले, मुलगा झाला. ते वाक्य रोज सकाळी तसेच. मंडळीत तरुणांना उपदेश करताना कोणी ना कोणी भाऊचे उदाहरण देई. एकदा मीही दिले. हेही इथे लिहून ठेवतो.

बऱ्याच वर्षांनी उत्तरपत्रिका तपासायच्या कामासाठी धुळ्याला गेलो होतो. काम संपवून आग्रा रोडवर एसटीची वाट पाहत उभा होतो, तर टायरच्या दुकानासमोर एका ट्रकच्या चाकाशी भाऊ बसलेला. दाढी पांढरी झाली होती. मी ओळखायच्या आधी त्याने मला ओळखले आणि म्हणाला, “मास्तर झाला ना तू? चाल, चहा पी.” चहा त्याने बशीत ओतून प्याला, पूर्वीसारखा. मायचे गुडघे कसे आहेत, डाळमिल चालू आहे का, एवढेच विचारत राहिला. लग्न केले नव्हते. ट्रक चालवत होता. मी विचारायला गेलो, “अजून...”

“नाही,” तो म्हणाला. “त्या नाताळापासून एक थेंब नाही. कधी संध्याकाळी जास्तच आवाज येतात. मग मी जेवून घेतो, नाही तर गाडी पुसतो.”

मी म्हणालो, घरी चल, मायला सांग. त्याने बशी खाली ठेवली. “मी सांगितलं होतं. तिने तुह्याकडे पाहिलं. आता तूच सांग. तुह्या तोंडून ऐकल्याशिवाय तिले खरं वाटणार नाही.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. काम सांगावे तसे त्याने सांगितले. धुळे ते जळगाव अडीच-तीन तास मी एसटीत तेच वाक्य घोळवत होतो. घरी पोचलो तर माय शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, दमला असशील, आधी जेव. मी जेवलो. जेवल्यावर वाटले, आता तिला झोप येत असेल. दुसऱ्या दिवशी रविवार होता, माझा उपदेश होता, वाटले उपासना झाल्यावर सांगू. मग वाटले, एवढ्या वर्षांनी हे सांगितले तर ती म्हणेल, तू इतके दिवस रोज सकाळी ऐकत होतास आणि गप्प बसलास? प्रत्येक दिवसाने तो प्रश्न एका दिवसाने मोठा होत होता. पहिल्या मोहाला एक श्वास लागला होता. हा दुसरा माझ्याबरोबर चार वर्षे जेवला, झोपला, आणि मी त्याला मायची काळजी म्हणत राहिलो.

ती पावसाळ्याच्या शेवटी आजारी पडली. एका दुपारी तिने मला जवळ बोलावले आणि विचारले, “शामू पितो का रे अजून?” घरात दुसरे कोणी नव्हते. यापेक्षा सोपे करून देव कोणाला काय देणार? मी म्हणालो, “माहीत नाही माय.” तिने डोळे मिटले आणि तिचे ते वाक्य पुटपुटले. त्यानंतर तीन दिवसांनी ती गेली. शेवटच्या सकाळपर्यंत ती देवाजवळ जे मागत राहिली, ते त्याने तिला केव्हाच दिले होते. तिला तेवढे कळवायचे काम माझ्याकडे होते.

भाऊला निरोप पोचला तो उशिरा. तो आला तेव्हा लोक दफनभूमीतून परतले होते. मातीवरची फुले अजून ताजी होती. आम्ही दोघेच. खाली बसून त्याने मातीवर हात ठेवला, आणि तसाच, वर न पाहता विचारले, “सांगितलं होतं ना मायले?”

मी म्हणालो, “हो.”

“काय म्हणे ती?”

आणि माझी जीभ चालली. माझी जीभ नेहमीच चालत आली आहे. मी सांगितले की माय रडली, मग हसली, मग म्हणाली, मले माहीत होतं माह्या शामूचं. तो भेटला तर त्याले सांग, मी त्याच्यावर रागावेल नाही, रोज त्याचंच ताट आधी मांडते. मी ते पुस्तकी मराठीत सांगितले नाही, तिच्याच बोलीत, तिच्याच आवाजात सांगितले. भाऊ मातीत कपाळ टेकून रडला, आणि उठला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा झाला होता, लहानपणी धुण्याच्या दगडावर मी तो पाहायचो तसा. तो त्यानंतर अकरा वर्षे जगला. दर नाताळाला यायचा, माझ्याकडे जेवायचा, आणि जेवता जेवता माझ्या बायकोला सांगायचा की माय शेवटी काय म्हणाली होती. दर वर्षी, शब्दन्‌शब्द. मी वाढून घेत असे.

आता तो नाही, बायको नाही, त्या चटईवर बसलेल्यांपैकी कोणी नाही. मुलगा पुण्याहून फोन करतो. त्याला काका आठवतात ते हेच सांगणारे.

माय तसे काही म्हणाली नव्हती.